फोन पुसणारे काका

"आधी बंद करा."

हात पुढे, तळहात वर आणि तोंडात हे तीन शब्द. तुम्ही तरीही फोन तसाच त्यांच्या हातावर ठेवायला गेलात, तर ते हात मागे घेत. "बंद म्हणजे पूर्ण बंद. नुसता उजेड घालवू नका. काच काळी झाली की डाग आपणहून दिसतात."

मग आपण बटण दाबून धरायचं आणि फोन बंद होईपर्यंत त्यांच्यासमोर गुन्हेगारासारखं उभं राहायचं.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या अंगाला. चार मजले, लिफ्ट नाही. काका पहिल्या मजल्यावर एकटे राहत. चाळीस वर्षं त्यांनी रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये काढली होती. निवृत्त झाल्यावरही बोलणं लॅबमधलंच राहिलं. चहात साखर 'किंचित' नसायची, 'पाव चमचा, सपाट' असायची.

दर रविवारी सकाळी नऊला ते जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांसमोर, घडीचं टेबल मांडत. त्यावर स्टीलचं ताट. ताटात तीन मऊ फडकी, एक रंगवायचा बारीक ब्रश, काही दातकोरणी आणि लॅबमधली वाकड्या नळीची बाटली. बाटलीत साधं पाणी नसे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. "नळाच्या पाण्यात क्षार असतात," ते सांगत. "वाळलं की ठिपके राहतात. तुमच्या चष्म्यावर पाहा."

आपण चष्मा काढून पाहायचो. ठिपके असायचे.

हे सगळं सुरू झालं कोरोनात. तेव्हा सगळं जग हात धूत होतं, आमची इमारत फोनही धूत होती. येता-जाता फोनवर सॅनिटायझरचा फवारा मारायचा आणि ओढणीला खसाखसा पुसायचा. काका जिन्यात मास्क लावून उभे राहत आणि कळवळून सांगत, "अहो, काचेवर एक पातळ थर असतो, बोटाचं तेल धरू नये म्हणून. तुम्ही तो खरवडून काढताय." तेव्हा कोणी ऐकलं नाही. निर्बंध उठले तोवर निम्म्या इमारतीच्या फोनवर ढगाळ चट्टे पडले होते. मग टेबल आलं.

फोन पुसायला वेळ किती लागतो? तुम्हीच सांगा. दोन मिनिटं, फार तर तीन. काकांना वीस लागत. आधी कव्हर काढायचं. कव्हरच्या आत साचलेली धूळ मालकाला दाखवायची. मग ब्रशने कानाची जाळी. मग फडक्याच्या एका कोपऱ्यावर पाण्याचे दोन थेंब. पाणी फोनवर कधीच टाकायचं नाही, फडक्यावर टाकायचं. वरून खाली, एकाच दिशेने. मग कोरडं फडकं. मग फोन उजेडाकडे तिरपा धरून पुन्हा पहिल्यापासून.

आणि एवढा वेळ मालकाच्या हातात काही नसे. बघायला काही नसे. मग माणूस करणार काय? बोलू लागे.

हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तिसऱ्या मजल्यावरची प्राची, जी आईवडिलांशी 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढंच बोलायची, तिने आपण कॉलेज बदलणार असल्याचं पहिल्यांदा काकांना सांगितलं. आमचे सेक्रेटरी पाटील तिथे स्टुलावर बसून गुडघ्याच्या दुखण्यापासून धाकट्या भावाशी असलेल्या अबोल्यापर्यंत सगळं सांगून मोकळे होत. काका मान वर करत नसत. मध्येच "बरं", "मग?", "पुढे?" एवढंच. फोन चकचकीत होऊन हातात आला की पाटील बटण दाबत आणि वाक्य अर्धं सोडून निघून जात.

नव्या स्क्रीन गार्डचं प्रकरण तर वेगळंच होतं. गार्ड काका टेबलावर लावत नसत. फोन घेऊन घरी जायचं, न्हाणीघरात गीझरचं कढत पाणी सोडायचं, वाफ कोंडायची आणि मग आत जाऊन गार्ड लावायचा. वाफेने हवेतली धूळ खाली बसते म्हणे. आम्ही बाया त्यांच्या बोळात ताटकळत उभ्या. पाच-सात मिनिटांनी ते घामाने निथळत बाहेर येत, दोन्ही हातांवर फोन धरून, प्रसूतिगृहातल्या नर्ससारखे.

"छान झालाय. एक बुडबुडा राहिलाय कोपऱ्यात. राहू दे. दोन दिवसांनी या, काढून देतो."

प्रत्येकीच्या फोनवर एक तरी बुडबुडा राही. इतक्या काटेकोर माणसाच्या हातून तो नेमका कसा राहायचा, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यांचा स्वतःचा फोन ताटाशेजारी असे. त्यावर एक डाग नाही, एक बोट उमटलेलं नाही. मी एकदा म्हटलंही, "काका, तुमचा फोन बघा, दुकानातून आत्ता आणल्यासारखा."

"वापर कमी," ते म्हणाले.

पूर्वी त्या घरात त्यांचा धाकटा भाऊ, भावजय आणि पुतण्या असत. काकांनी लग्न केलं नव्हतं. पुतण्याला नोकरी लागली, घोडबंदर रोडला मोठ्या टॉवरमध्ये जागा घेतली आणि मंडळी तिकडे गेली. काका इथेच राहिले. "माझ्या सगळ्या ओळखी इथल्या. तिकडे मला करमायचं नाही, असं ठरलं," ते सांगत. ठरवलं कोणी, ते सांगत नसत. गणपतीत दीड दिवस जाऊन येत.

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

माझी आई चिपळूणला दादाकडे असते. एका शनिवारी रात्री तिच्या पोटात दुखू लागलं आणि सकाळी दादाचा फोन आला. आतड्याला पीळ पडलाय, आजच ऑपरेशन. आत नेण्याआधी पुन्हा फोन करतो. आमच्या घरात रेंज धड येत नाही, म्हणून मी खाली येऊन गेटजवळ उभी राहिले. रविवार होता. काकांचं टेबल मांडलेलं होतं. पाटील आणि तळमजल्याच्या दोघी तिथे होत्या.

माझा फोन पाहून काका म्हणाले, "काय हो ताई, कणकेच्या हातानेच उचललात वाटतं. द्या इकडे. आधी बंद करा."

"बंद नको, काका. दादाचा फोन यायचाय. आईचं ऑपरेशन आहे."

"मग राहू द्या. चालू फोनला मी हात लावत नाही."

खरं तर तिथे विषय संपला होता. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं आणि समोर एक माणूस माझ्याकडे काळजीने बघत होता. मी फोन त्यांच्या हातात कोंबला. "असू दे हो, नुसतं पुसा. तेवढाच वेळ जाईल."

ते घुटमळले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी फडकं घेतलं. वरून खाली, एकाच दिशेने. "आईंचं वय काय?" त्यांनी विचारलं. मी सांगू लागले आणि तेवढ्यात फोन वाजला. त्यांचं फडकं काचेवरून फिरतच होतं. एकदाच वाजला आणि बंद पडला.

फडक्याने कॉल कट झाला होता.

मी फोन हिसकावून घेतला. लावला. लागेना. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. अर्धा-पाऊण तास मी गेटपासून जिन्यापर्यंत फेऱ्या मारत होते आणि काका हातात फडकं धरून तसेच उभे होते. शेवटी दादाचा फोन आला.

"आईला आत नेलं गं. तुझ्याशी बोलायचं म्हणत होती. कानाला फोन लावून धरलेला मी तिच्या. तू कट का केलास?"

फोन ठेवून मी वळले. काका म्हणाले, "ताई, चूक झाली. मीच सांगतो बंद करा म्हणून, आणि मीच..."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाले, "काका, तुम्हाला नसेल कोणी फोन करणारं. आम्हाला आहेत!"

पाटलांनी खाली बघितलं. काकांनी फडक्याची घडी घातली, ती ताटात ठेवली, बाटलीचं बूच लावलं. टेबल मिटायला त्यांना थोडा वेळ लागला, कारण त्याचा एक पाय अडकत असे. कोणी मदतीला पुढे झालं नाही. मीही नाही.

आई बरी झाली. मी दोन आठवडे चिपळूणला राहून आले. चौथ्या दिवशीच ती उठून बसली आणि पेज खाताना हसत म्हणाली, "मला काय बोलायचं होतं ठाऊक आहे? माझी निळी पैठणी तुझ्या वहिनीला देऊ नकोस, एवढंच."

परत आले तेव्हा जिन्यात काका भेटले. "आई कशा आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बऱ्या आहेत." माफी मागायला तोंड उघडलं, तर ऑफिसातून फोन आला. मी खूण करून पुढे गेले. नंतर मागू, असं म्हटलं. एकाच जिन्यात राहणाऱ्या माणसाबद्दल आपण असंच म्हणतो.

टेबल पुन्हा मांडलं गेलं नाही. लोक विचारत तेव्हा काका सांगत, "डोळ्यांना आता दिसत नाही तेवढं." दोन-चार रविवार लोकांनी विचारलं, मग विचारेनासे झाले. प्राची म्हणाली, "काकू, काकांचा टाइमपास बंद झाला ना, जाम बोअर होत असतील."

पावसाळ्यानंतर ते घरात पडले. पुतण्या गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. त्या दिवशी मी ठाण्याला ऑफिसात होते. पुढच्या वर्षी ते गेले. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी आली, तिच्याखाली ओळीने जोडलेले हात आले आणि लगेच पाण्याच्या टाकीचा विषय सुरू झाला.

पण त्याआधी मी त्यांना एकदा भेटले होते. पाटलांकडून पत्ता घेतला, ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि घोडबंदर रोडच्या बसमध्ये बसले. दीड तास त्या रहदारीत काढला. टॉवरच्या गेटवर वॉचमनने माझं नाव विचारलं, टॅबवर माझा फोटो काढला, वर फोन लावला आणि मग सोडलं.

सतराव्या मजल्यावर दार काकांनीच उघडलं. हातात काठी होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. भाऊ-भावजय पुतण्याबरोबर बाहेर गेले होते, स्वयंपाकाची बाई नुकतीच काम आटपून निघाली होती.

"ताई, तुम्ही? फोन नाही केलात आधी?"

"तुमचा नंबर नव्हता माझ्याकडे."

बोलून गेले आणि मग मला ते ऐकू आलं. इतकी वर्षं एका जिन्यात, माझा फोन त्यांच्या हातात कितीदा गेला होता, आणि त्यांचा नंबर त्यात नव्हता.

त्यांनी चहा केला. पाव चमचा साखर, सपाट. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "काका, मी त्या दिवशी फार वाईट बोलले. मला माफ करा."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली खाडीकडचं धुरकट हिरवं दिसत होतं.

"वाईट नव्हतं ते," ते म्हणाले. "खोटंही नव्हतं. मला फक्त एवढंच वाटलं, म्हणजे हे सगळ्यांना माहीत आहे होय?"

आणि ते हसले. मला हसता आलं नाही. त्यांनीच विषय बदलला. आईची चौकशी केली, प्राचीच्या कॉलेजची केली, पाटील भावाशी बोलू लागले का ते विचारलं. आम्ही दोन तास बसलो. माझा फोन पर्समध्ये होता. तो वाजला असेल तर मला कळलं नाही.

निघताना मी नको नको म्हणत असताना ते बस स्टॉपपर्यंत सोडायला आले. त्यांनी दार ओढून घेतलं, किल्ली खिशात टाकली, लिफ्टने खाली उतरले. स्टॉप गेटला लागूनच होता. बस लगेच आली. खिडकीची जागा मिळाली, मी हात हलवला, त्यांनीही काठी उचलून हलवली आणि ते परत वळले.

बस पुढच्या गाड्यांमागे अडकून उभीच होती, म्हणून मला दिसलं. गेटवर आता दुसरा वॉचमन होता. त्याने काकांना हाताने थांबवलं.

"किधर जाना है?"

काका काहीतरी म्हणाले. त्याने टॅब पुढे धरला, नाव विचारलं, मग इंटरकॉम कानाला लावला आणि वर बोट दाखवून त्यांना बाजूला उभं राहायला सांगितलं. मागून पार्सलवाला आला, त्याला आत सोडलं. आणखी एक आला, तोही गेला. वर घरात फोन वाजत असणार आणि घरात कोणी नव्हतं.

काका थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, खिशातून घराची किल्ली काढली आणि वॉचमनला नीट दिसावी म्हणून उजेडात उंच धरली.