काकांचा आवाज, माझा घसा

काका गेले, पण विरार स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसलो की ते हमखास भेटतात. कधी ड्रायव्हरच्या फोनमधून, कधी सिग्नलला शेजारी थांबलेल्या टेम्पोतून. "ओ शेऽऽट! पानी बोलवतंय! पन जायाचं नाय!" दर वेळी मी मान वळवून बघतो. कुणी नसतं. असणार तरी कसं? तो आवाज काकांचा नाहीच. माझा आहे.

मी नकल्या. शाळेत असताना मुख्याध्यापकांच्या आवाजात व्हरांड्यातून ओरडलो होतो, "सातवी ब, दप्तरं उचला आणि घरी जा," आणि सातवी ब खरंच घरी गेली. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. तरी बँडमध्ये घेतलं, कारण गिटारच्या तारा लावत बसले की लोकांना कुणीतरी हसवायला हवं. गिटारवाला भुईगावचा, चर्चच्या कॉयरमध्ये गळा तयार झालेला. तोच गायचा, गाणीही तोच करायचा. ड्रमवाला कळंबच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याच्या घरातला. काका म्हणजे या ड्रमवाल्याचे वडील.

प्रॅक्टिस त्यांच्याच घरामागे, जाळी ठेवायच्या शेडमध्ये. अंगाला सुकटीचा असा वास लागायचा की घरी आई आधी आंघोळीला पाठवायची, मग कुठे गेला होतास विचारायची. काकांनी होडीवर जाणं सोडलं होतं. ते सुरूच्या झाडाखाली जाळं शिवत बसायचे आणि रविवारी आलेल्या पाहुण्यांवर लक्ष ठेवायचे. आमचा समुद्र वरून गरीब दिसतो, आतून पाय ओढतो. कुणी कमरेच्या पुढे गेलं की काका उठायचे आणि हाक मारायचे. लोक मागे फिरायचे. काही शिव्या द्यायचे, पण फिरायचे.

मी त्यांची नक्कल पहिल्यांदा त्यांच्यासमोरच केली. नक्कल करताना माणूस अख्खा उचलायचा नसतो. एक गोष्ट धरायची आणि फुगवायची. मी 'शेट' लांबवला आणि 'पानी' नाकातून काढलं. काका खोकला येईपर्यंत हसले.

"साल्या, मी असा बोलतो?"

"असाच बोलता, पप्पा," ड्रमवाला म्हणाला.

"मग तुझी आई पलून कशी नाय गेली इतक्या वर्सांत?"

आतून काकू ओरडल्या, "कुठं जानार? रिक्षा मिलते का इथं?"

गिटारवाल्याचा फोन तेव्हा रेकॉर्डिंगवर होता. त्याने ती हाक नव्या गाण्याच्या सुरुवातीला टाकली, गंमत म्हणून. गाणं समुद्राबद्दल होतं, जरा उदासच होतं. लोकांनी गाणं सोडलं आणि हाक उचलली. रील्स निघाली. कुणी ऑफिसला जाताना, कुणी बिअरचा कॅन उघडताना, कुणी एक्स-गर्लफ्रेंडचा मेसेज आल्यावर. पानी बोलवतंय, पन जायाचं नाय.

मग अंधेरीहून म्युझिक कंपनीची मॅडम आली. आम्ही आमचे सगळ्यात भारी टीशर्ट घालून बसलो होतो. तिने आमच्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच पडला. "तुम्ही तर अगदी कुठलेही असाल असे दिसता," ती म्हणाली. खरंच होतं ते. मी विरारच्या फ्लॅटमधला, आमच्या मजल्यावर प्रत्येक दार वेगळ्या जिल्ह्याचं. तिला व्हिडिओसाठी कोळी पोशाख हवा होता. कमरेला रुमाल, डोक्याला टोपी. ड्रमवाल्यालासुद्धा तो रुमाल बांधता येईना. शेवटी काकांनी आम्हाला एकेकाला बांधून दिला, स्वतः बर्म्युडा आणि कुठल्याशा दुकानाचा फुकट मिळालेला टीशर्ट घालून.

"काका, तुम्ही कधी नेसता हा?" मी विचारलं.

"नेसलो ना. लग्नाच्या फोटोत." मग माझ्या कमरेची गाठ आवळून म्हणाले, "तू मातर हलू नको. सुटला तर तुझी खरी जात कलेल, विरारकर."

मॅडमला ते ऐकून आयडिया सुचली. हाक यांचीच आहे ना, मग यांनाच घेऊ. काकांना स्टुडिओत नेलं. काचेपलीकडे हेडफोन लावून ते उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली, अगदी किनाऱ्यावर मारायचे तशी. खालून सुरू होणारी, जरा घाबरलेली, शेवटी जवळजवळ विनवणी. मला ती ऐकून थंडी वाजली. साउंडवाला म्हणाला, "सर, थोडं ऑथेंटिक द्या ना." परत घेतली. परत. शेवटी ठरलं, आवाज माझाच राहू दे, चेहरा काकांचा.

त्यामुळे काकांना माझं बोलणं पाठ करावं लागलं, ओठ जुळायला हवेत म्हणून. आरशासमोर उभे राहून ते 'शेऽऽट' लांबवायचे, आणि मी शेजारी उभा राहून सांगायचो, "नाकातून काका, नाकातून." आम्हाला तेव्हा याच्याएवढं विनोदी काही वाटलं नव्हतं.

व्हिडिओ चालला. चालला म्हणजे काय, आम्हाला कॉलेजच्या फेस्टमध्ये दुपारच्या उन्हात वाजवणारे म्हणून ओळखायचे, ते आता आमचं नाव तिकिटावर छापू लागले. जुने ऐकणारे म्हणाले, विकले गेले रे. नवे म्हणाले, किती मातीतले आहेत. दोन्ही ऐकताना मी त्यांचे आवाज उचलत होतो, पुढच्या शोसाठी.

आणि कळंबला लोक काकांना शोधत येऊ लागले. सुरूखाली घोळका असायचा. "काका, एकदा!" काकांनी मारलेली हाक त्यांना पटायची नाही. व्हिडिओतल्यासारखी नाही, म्हणायचे. मग काका नाकातून मारायचे, टाळ्या पडायच्या. सुरुवातीला त्यांना मजा आली. काकू चिडवायच्या, "या हिरो, जेवायला या."

मग एका रविवारी भरती लागली होती. मी तिथेच होतो, शेडच्या दारात. एक मुलगा आत गेला, छातीपर्यंत. काका उठले आणि ओरडले. किनाऱ्यावरच्या माणसांनी वळून बघितलं आणि फोन वर केले. काका पुन्हा ओरडले, हात हलवत पाण्याकडे पळाले. लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. "वन्स मोअर!" आणि पाण्यातल्या त्या मुलाने वळून काकांना हात केला, हसत. मग त्याचं डोकं दिसेना.

ड्रमवाला आणि शेजारचे दोघे आत गेले, त्याला ओढून आणला. वाचला. पाणी ओकून रडत बसला होता तर त्याचे मित्र काकांना विचारत होते, सेल्फी काढू का.

त्या दिवसानंतर काकांनी हाक मारणं सोडलं. मग बोलणंच कमी केलं. मी गेलो की मान हलवायचे, गाठ आवळल्यासारखा खांदा दाबायचे, बस. पुढे छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलात गेले आणि तिथेच संपले. राग होता का माझ्यावर? विचारायचं राहून गेलं. मी त्यांचा आवाज काढून अख्ख्या महाराष्ट्राला हसवत होतो आणि मला त्यांना एक सरळ प्रश्न विचारता आला नाही.

त्यानंतरच्या पहिल्या शोला मी ठरवलं, हाक मारायची नाही. गिटार थांबली, माझी जागा आली, मी तोंड मिटून उभा राहिलो. समोरच्या अंधारातून सगळ्यांनी मिळून मारली. नाकातून. 'शेट' लांबवून. हजारो माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडात काका, आणि त्यात काका कुठेच नाहीत. मला वाटलं, आता मी घरी गेलो तरी चालेल. सातवी ब.

पावसाळा संपला तेव्हा ड्रमवाल्याचा फोन आला. "आईने बोलवलंय. तुला एकट्याला."

काकू ओट्यावर सुपात जवळा निवडत बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून.

"बस बाला," त्या म्हणाल्या. "एक इचारायचं व्हतं. ते माझ्या सपनात येतात."

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"येतात, पन तुझ्या आवाजात बोलतात. त्या गान्यातल्या. मी बोलते, अवो नीट बोला ना, तर अजून नाकातून बोलतात." त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "घरात कसे बोलायचे ते मला आठवतच नाय आता. दिवसभर तेच कानावर पडतं ना. तुला सगल्यांचे आवाज जमतात. त्यांचा घरातला काढ."

मी घसा साफ केला. सुरुवात केली आणि 'शेट' आपोआप लांबला.

"हा नाय."

मी स्टुडिओतली हाक आठवली, ती घाबरलेली. तशी बोलून बघितली.

"ती हाक पान्याकडं मारायची. मी काय पानी हाय? हळू."

हळू केलं. नाक सोडलं. शब्द बदलले, जेवायला काय, पोरगा आला का, असलं काहीतरी. काकू मान हलवत राहिल्या. "अजून हळू. एवढे शब्द कुठं व्हते त्यांच्याकडं?" मी शब्द काढून टाकत गेलो. माझ्याकडे फुगवायला काहीच उरलं नाही. मला घाम फुटला होता. कुठल्याही स्टेजवर कधी फुटला नव्हता एवढा.

शेवटी मी उठलो, वाळूत थोडा लांब गेलो आणि काका यायचे तसा चालत आलो. ओट्याखाली थांबलो. एक श्वास सोडला आणि तो सोडता सोडता नुसतं म्हणालो, "आलो गं."

काकूंचे हात सुपात थांबले. त्यांनी मागे बघितलं नाही.

"पाय धुवा आधी," त्या म्हणाल्या. "सगली वालू घरात आनता."

मी पिंपातून तांब्याभर पाणी घेतलं आणि पाय धुतले. आवाज न करता.