शेवटच्या प्रकरणात लिली बोलली नाही

"बाई, लिली बोललीच पाहिजे," संपादक म्हणाले आणि त्यांनी माझे कागद टेबलावर ठेवले.

ते आमच्या ख्रिस्ती मासिकाचे संपादक होते आणि पाळकही, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. एरवी ते पोस्टकार्डावर काम भागवत. या वेळी एसटीत बसून थेट कळंबला माझ्या खोलीवर आले होते. नवा महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि मासिकासाठी कादंबरी लिहायचे. दर महिन्याला एक प्रकरण.

त्यांचा राग रास्त होता. त्यांनी मला शेवटच्या प्रकरणाचं प्रूफ पाठवलं होतं. प्रूफ म्हणजे छपाईआधीचा कच्चा कागद. लेखकानं त्यात काना-मात्रा दुरुस्त करून परत पाठवायचा. मी सबंध प्रकरणावर काट मारून नवंच पाठवलं होतं. त्यातून आधीच्या अंकात त्यांनी जाहीर केलं होतं, 'पुढील अंकी अद्भुत शेवट'.

कादंबरी एका सुताराच्या कुटुंबाची होती. त्यांची सात वर्षांची लिली बोलत नाही. नजरेला नजर देत नाही. गर्दीत कानांवर हात ठेवते. आता डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. तेव्हा आमच्याकडं हे शब्द पोचले नव्हते. लोक वेडी म्हणायचे, नाहीतर आईबापांचं पाप काढायचे.

लिली मी मनानं रचली नव्हती. येरमाळ्याला शमुवेल शिंपी आणि त्यांची बायको मार्थाबाई राहत. त्यांची मुलगी सुलू दिवसभर दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणं लावत बसायची. फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत, एकही चूक नाही. त्या दोघांना विचारूनच मी लिहायला घेतलं. नाव, गाव, धंदा बदलला. प्रत्येक प्रकरण आधी मार्थाबाईंना वाचून दाखवायचे. त्या हसायच्या, चुका काढायच्या. "पोरगी अशी सुखासुखी जेवती व्हय, बाई? पातळ भाजी भाताला लागली की ताट सरकवती."

फक्त शेवटचं प्रकरण मी घाईत छापखान्याकडं धाडलं आणि मग वाचून दाखवलं. त्यात नाताळच्या उपासनेत लिली अचानक 'प्रभू' म्हणते आणि बरी होते. मार्थाबाई म्हणाल्या, "लई चांगलं लिहिलंय, बाई. पर मग आमचीच प्रार्थना कमी पडली म्हणायची का?"

घरी येऊन मी प्रूफावर काट मारली आणि लिली न बोलणारं नवं प्रकरण लिहिलं.

हे सगळं मी संपादकांना सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की वाचकाला आशा पाहिजे, नाहीतर ख्रिस्ती कादंबरी कशाला म्हणायचं. मी म्हटलं, उद्या रविवार आहे, येरमाळ्याला चला. ते आले.

येरमाळ्याचं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. दारात घंटा. तिच्या लोलकाला जाड फडकं गुंडाळलेलं. संपादकांनी चर्च सांभाळणाऱ्या दाऊदकाकांना त्याचं कारण विचारलं.

"सुलूला आवाज सोसत न्हाय, साहेब," काका म्हणाले. "टोल पडला की पळायची, मागं मार्था. दोघींची उपासना बुडायची. मग बांधलं फडकं."

"आता गावात घंटा ऐकू जाते का?"

"न्हाय जात. म्या घरोघर जाऊन बोलावतो. पयल्यापेक्षा माणसं जास्त येत्यात."

संपादक मोठ्यानं हसले. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच.

उपासना चालू असताना सुलू उंबऱ्याशी बसून चपला लावत होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. संपादकांचे बूट सगळ्यांत शेवटी आले. निघताना ओळ मोडू नये म्हणून त्यांनी ते अगदी जपून उचलले. सुलूनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. मोकळ्या जागेकडं पाहिलं, आणि तिथं दाऊदकाकांच्या वहाणा सरकवल्या.

परतीच्या एसटीत ते म्हणाले, "तुमचं नवं प्रकरण घेतो. पण मी अद्भुत शेवट जाहीर केलाय, त्याचं काय करू?"

"एका मुलीसाठी सगळ्या मंडळीनं आपली घंटा मुकी केली," मी म्हटलं. "हे अद्भुत नाही?"

पाळक या नात्यानं त्यांनी चर्चच्या पुष्कळ मंडळ्या पाहिल्या होत्या. "आहे खरं," ते म्हणाले. "लिहा."

दाऊदकाकांची परवानगी घेऊन मी तो प्रसंग घातला. अंक निघाला. एका वाचकानं लेखिकेचा विश्वास कच्चा आहे असं कळवलं. त्याला संपादकांनी स्वतःच उत्तर दिलं, चांगलं दोन पानी. आमच्याच भागातल्या वाशीकडच्या एका आईनं लिहिलं की, आमचा मुलगाही असाच आहे, आजवर त्याला घरी कोंडून चर्चला जात होते, या रविवारी बरोबर नेला. त्यानं खूप गोंधळ घातला, पण कुणी उठून गेलं नाही. ते पत्र मार्थाबाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मागून ठेवून घेतलं. कादंबरीबद्दल एवढंच म्हणाल्या, "लिलीची वेणी मात्र लई नीट घातलीय तुमी. आमची सुलू डोक्याला हात तरी लावू देती व्हय?"

पुढं मी बरीच वर्षं लिहिलं. गोष्टीत चमत्कार घडवायला एक संध्याकाळ पुरते. पण ज्यांच्या घरात तो घडलेला नाही, त्यांना तो आधी वाचून दाखवावा. संपादकांची बोलणी तरी वाचतात.