दरबारच्या बिल्ल्यातले बारा खडे

आमच्या भागात एक बाईसाहेब आहेत, जुन्या जहागीरदार घराण्याच्या सूनबाई. वाटपाचा कार्यक्रम असला की पदरावर खड्यांचा बिल्ला लावून येतात. आजेसासऱ्यांना तो हैदराबादच्या दरबारात मिळाला होता. मधोमध मोठा लाल खडा, भोवती अकरा लहान. घोंगड्या, शिलाई मशिनी, चष्मे, त्यांनी काय वाटलं नाही? ते मी नाकारत नाही. पण त्या बाईला मी एकवीस वर्षं पाण्यात पाहत होते.

माझे अब्बा पिंपळगाव राजा या गावात जडाईचं काम करायचे, म्हणजे दागिन्यांत खडे बसवायचे. एकदा बिल्ल्याची मागची पिन ढिली झाली. अब्बांनी ती बसवली आणि त्याच दिवशी बिल्ला नेऊन दिला. महिनाभरात पुण्याच्या कुण्या पाहुण्याने सांगितलं, मधला खडा माणिक नाही, काच आहे. झालं! पिन बसवणाऱ्यानेच तो बदलला, असं ठरलं. बाईसाहेब पोलिसांत गेल्या असत्या तर परवडलं असतं, निदान चौकशी झाली असती. त्यांनी घोंगड्या वाटताना भर गर्दीत अब्बांना पुढे बोलावलं, खांद्यावर घोंगडी टाकली आणि माइकवर म्हणाल्या, "गरीब माणूस हाय. मोह झाला. मी माफ केलं त्याले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवळा देऊन कोहळा कसा काढतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. एकदा माफी मिळाली की "मी केलंच नाही" म्हणायची सोय राहत नाही. अब्बांकडे पुन्हा कोणी दागिना टाकला नाही. बांगड्यांना टिकल्या चिकटवता चिकटवता त्यांचे डोळे गेले. आणि ही बाई दर भाषणात त्या माफीची गोष्ट सांगायची, नेत्रशिबिरातसुद्धा.

मी हट्टाने तेच काम शिकले, खामगावात दुकान टाकलं. कला टिकावी वगैरे म्हणून नाही. तो बिल्ला एक दिवस माझ्या हातात यावा म्हणून.

गेल्या वर्षी आला. मुलींच्या वसतिगृहासाठी बाईसाहेबांनी तो विकायला काढला. मधली काच सोडली तर बाकी अकरा खडे अस्सल, असं त्या सांगत होत्या. घेणाऱ्याने अट घातली, समोर उघडून दाखवा. जुन्या जडाईचं काम करणारी जवळपास मीच उरलेली. सगळे माझ्या दुकानात आले. बाईसाहेबांनी मला ओळखलं नाही.

मी एकेक खडा सोडवला. बाराही काचा. बाराही खड्यांखाली खडा धरून ठेवणारी तीच जुनी लाख आणि चमक यावी म्हणून घातलेला तोच वर्ख, सारखाच काळा पडलेला.

बाईसाहेब माझ्याकडे वाकल्या. "हळू बोल, पोरी. वसतिगृहाचं काम हाय."

मी उठून उभी राहिले आणि रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलले. "हे बाराही खडे काचेचे, बिल्ला घडवतानाच एकाच माणसानं एकाच वेळी बसवलेले. मधल्याले नंतर कोणाचा हात लागला नाही. ज्याले तुम्ही माफ केलं, त्याची पोरगी मी."

घेणारा निघून गेला. मी दुकान बंद करून थेट पिंपळगाव गाठलं आणि अब्बांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, जवळ घेतील. ते भडकले.

"गिऱ्हाइकाच्या दागिन्यातला ऐब चारचौघांत काढला तू? आपल्या धंद्यात खोट दिसली तरी तोंड उघडत नाहीत. मले तर पिन लावतानाच दिसल्या होत्या त्या काचा."

"मग बोलले काऊन नाही?"

"गिऱ्हाईक होतं ते."

एकवीस वर्षं! मला त्यांचाही संताप आला. ते भिंतीकडे तोंड करून बसले, जेवलेही नाहीत.

सकाळी मी चहा नेऊन दिला. बशीत ओतता ओतता त्यांनी विचारलं, "तोंड कसं झालतं तिचं?"

मी सांगितलं. त्या बाईचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. पदर सावरायला हात गेला आणि तिथेच राहिला. मग खाली बसायला खुर्ची शोधायला लागली.

अब्बांनी बशी खाली ठेवली. "पुन्हा सांग," ते म्हणाले.