आप्पांचं राहिलेलं क्रियापद

दुपारची झोप लागता लागता माणूस नेमका कुठे असतो, हे रेवतीला कधीच सांगता आलेलं नाही. कुलरची घरघर ऐकू येते आहे, लेकीचा घामेजलेला हात पोटावर पडला आहे, कराडच्या उन्हाने खिडकीचा पडदा पिवळाधमक झाला आहे. आणि बाहेरच्या खोलीत कुणीतरी घोकतं आहे.

"ज पार्ल. त्यू पार्ल. इल पार्ल."

ओवीच असणार, दुसरं कोण? मग पोटावरचा हात जाणवतो. ओवी तर इथे आहे.

या घरात फ्रेंच घोकणारी माणसं दोनच. एक आठ वर्षांची ओवी आणि दुसरे तिचे आजोबा, म्हणजे रेवतीचे सासरे, आप्पा. नवऱ्याला फ्रान्समध्ये, तुलूझला नोकरी लागली, सगळ्यांनीच तिकडे जायचं ठरलं, म्हणून ओवीला ऑनलाइन शिकवणी लावली. तर कराडच्या एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारण्यात जन्म काढलेले आप्पाही कवळी सावरत तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "गोऱ्यांच्यात जाऊन मुक्यावानी बसू व्हय मी?" म्हणायचे. ओवी त्यांची मास्तरीण. चुकलं की हातावर पट्टी. पहिलं नियमित क्रियापद निघालं 'पार्ले', म्हणजे बोलणं. मी, तू, तो इथपर्यंत आप्पांची गाडी झोकात जायची, कारण तिन्हींचा उच्चार एकच. 'आम्ही'शी आली की फसायची. त्यातला नाकातला आवाज काही केल्या जमेना, आणि ओवी हसून हसून लोळायची.

आणि एका सकाळी आप्पा अंथरुणातून उठलेच नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचं तेरावंही झालं.

रेवती उठून बसते. बसते की नाही कोण जाणे, पण ती आता बाहेरच्या खोलीत आहे. आप्पा जेवणाच्या टेबलाशी बसलेत. सदरा स्वच्छ, केस ओले. टेबल मात्र फार लांब झालं आहे.

"आलीस? बरं झालं," आप्पा म्हणतात. "फुडचं सांग की पोरी. तिनावरच अडकलोय. तिकडं कुणालाच येत न्हाय."

तिकडं म्हणजे कुठे, हे विचारायची तिची छाती होत नाही. तिलाही धड कुठे येतंय? स्वयंपाक करता करता कानावर पडलं तेवढंच.

"नू पार्लों," ती कशीबशी म्हणते.

आप्पा तसं म्हणून बघतात. तोंड उघडतं, आणि आवाज येतो टेबलाखालून. रेवती दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरते. तिला ओरडायचं आहे, पण सासऱ्यांसमोर ती कधी मोठ्याने बोललेली नाही, आणि या वेळीही ती सवय सुटत नाही.

"तुझं न्हाय जमत. ओवी बरुबर सांगती," आप्पा म्हणतात. "तिला बोलीव."

"आप्पा, ती झोपलीय."

"झोपलीय म्हणूनच तर म्हणतोय."

टेबलावर आता स्टँडच्या चौकशी खिडकीची जाळी आहे. जाळीच्या आत आप्पा, समोर माइक. स्टँडवर चिटपाखरू नाही. गाड्या ओळीने उभ्या आहेत, पाट्या कोऱ्या. आप्पा घसा खाकरतात आणि आपल्या जुन्या, साऱ्या गावाला ओळखीच्या आवाजात पुकारतात, "कुमारी ओवी विश्वजीत थोरात, जिथं असतील तिथून फलाटावर यावं."

मागून छोट्या पावलांचा आवाज येतो. ओवी डोळे चोळत चालली आहे, हातात पट्टी.

"आप्पा, तिला नका नेऊ. तुमच्या पाया पडते!"

"नेतोय कुटं? घटकाभर शिकवंल. मारलं तरी मारू दे." आप्पांचा आवाज चिरकतो. "लई एकटं वाटतंय गं."

त्यांच्या डोळ्यांत वाईट असं काहीच नाही. नातीवर जीव होता तसाच आहे, आणि रेवतीला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. दुष्ट माणसाला शिव्या तरी देता येतात.

फलाटाची कड संपते तिथे कृष्णेचं पाणी लागलं आहे. काळं, संथ. गाडीचं दार उघडं आहे आणि पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या आहेत. ओवी पहिल्या पायरीसाठी पाऊल उचलते.

घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. पण गेलेल्या माणसाला तसं म्हणायचं नसतं. आप्पांना दारातून नेताना त्यांच्या बहिणीने, आत्याबाईंनी रेवतीचा दंड धरून बजावलं होतं, "काय बी बोल, पण येते म्हणू नगंस." रेवतीला हे अगदी लख्ख आठवतं. ती ओवीला खसकन मागे ओढते आणि स्वतः पाण्यात उतरते.

"हिला राहू द्या, आप्पा. मी येते."

आप्पा माइक बाजूला करतात. "तू?"

"सगळं क्रियापद पाठ करून येते. पण उशिरा येईन. हिचं शिक्षण होऊ दे, हिचा संसार होऊ दे, मला म्हातारी होऊ दे. आणि तोवर हिला पुकारायचं नाही. एकदाही नाही."

पाणी गुडघ्याला लागतं. रेवती मागे सरत नाही.

"पक्कं?"

"पक्कं."

"मग वाट बगतो," ते म्हणतात आणि माइक बंद करतात.

जाग येते तेव्हा कुलर थांबलेला आहे, वीज गेली आहे. शेजारी ओवी तोंड उघडं टाकून झोपली आहे. रेवती आधी तिचे पाय चाचपते. कोरडे आहेत, ऊन लागल्यासारखे गरम. ती त्या तळव्यांवर गाल टेकते आणि हुंदके देऊन रडते.

"आई, सोड ना, गुदगुल्या होतात," ओवी झोपेतच पुटपुटते.

रेवतीची सलवार गुडघ्यापर्यंत भिजून पायांना चिकटली आहे. बोटांच्या बेचक्यांत नदीचा काळा गाळ, चादरीवर त्याचे डाग. ती आपल्या पायांकडे बघते.

"माझे भिजले तर चालतील," ती हळूच म्हणते, आणि लेकीचे पाय काही सोडत नाही.