कुर्डुवाडीला न उतरता

आमच्या ऑफिसात एकदा माझा सत्कार झाला, तोही पर्यावरणासाठी. हातात एक रोपटं देऊन फोटो काढला आणि तो लिफ्टशेजारच्या भिंतीवर लावला. लिफ्टची वाट बघणारे लोक आधी फोटोकडे बघत आणि मग माझ्याकडे. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होई, कारण मी ज्यासाठी रेल्वेने जात होते त्याचा पर्यावरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

ऑफिस चेन्नईत, पेरुंगुडीला. सकाळी त्या रस्त्यावर गाड्या अशा तुंबतात की माणसाने घरून निघताना चिडायलाही वेळ राखून ठेवावा. शेवटी आमच्या वरिष्ठांनी मनावर घेतलं. मेट्रोच्या पासाचे अर्धे पैसे कंपनी भरू लागली. अण्णा नगरहून कंपनीची बस सुरू झाली. चौघं मिळून एका कारने आलात तर दाराजवळची, सावलीतली जागा तुमची. चेन्नईच्या उन्हात एवढी लाच कुणालाही पुरते. आणि शेवटी एक सोय अशी निघाली की कामासाठी बाहेरगावी जाताना विमान सोडून रेल्वेने गेलात, तर जाण्यायेण्याचे दिवस कामाचेच धरले जातील.

बेंगळुरूला जाणाऱ्यांनी ही सोय लगेच घेतली. पण आमचं एक मोठं गिऱ्हाईक पुण्याला होतं, तिथे दर दोन-तीन महिन्यांनी जावं लागे, आणि पुण्याला रेल्वेने जाणारी मी एकटीच निघाले. विमानाने दोन तासांचं काम. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण विचारायची, "अख्खा दिवस गाडीत करतेस तरी काय?" मी म्हणायचे, वाचते. तिला ते खरं वाटायचं, हे विशेष.

खरं कारण होतं कुर्डुवाडी. चेन्नईहून दुपारी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूर सोडते आणि मग कुर्डुवाडीला काही मिनिटं थांबते. तिथे आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एकटे राहतात. आई गेली त्याला काही वर्षं झाली. त्यांना एकदा चेन्नईला आणून बघितलं, पण इथल्या दमट हवेला आणि आमच्या आठव्या मजल्याला कंटाळून ते लवकरच परत गेले. त्यानंतर दिवाळीला मी जायचं, एवढंच उरलं होतं.

रेल्वेची सोय निघाल्यावर पहिल्यांदा निघाले तेव्हा फोन करून सांगितलं, की उतरता येणार नाही, पुण्यात मीटिंग आहे, पण दारात उभी राहीन. गाडी फलाटाला लागली आणि अण्णा बरोबर माझ्या बोगीसमोर उभे. धुतलेला पांढरा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि फडक्यात गुंडाळलेल्या शेंगापोळ्या. मी त्यांना कॉफीची पूड दिली. पुढच्या खेपेला त्यांनी पहिलं काय सांगितलं असेल तर, "तुमच्या मद्रासची कॉफी दातात अडकती." पठ्ठ्याने ती चहासारखी दुधात उकळून, न गाळता प्यायली होती. मग मी स्टीलचा फिल्टर नेऊन दिला.

पण मला ओढ होती ती अण्णांच्या बोलण्याची. घरी अण्णा बोलत नाहीत. आई होती तोवर ती दोघांच्या वाटणीचं बोलायची. आता घरी गेलं की ते टीव्ही लावतात, मी भाज्या निवडते, आणि दिवस मावळतो. जन्मभर त्यांनी एसटीत नोकरी केली, स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या लावायच्या आणि सोडायच्या. त्यामुळे माझा असा पक्का समज झालाय की गाडी सुटायला आल्याशिवाय या माणसाला कंठच फुटत नाही.

कारण फलाटावरचे अण्णा वेगळेच होते. "वडा घ्या, वडा" करत विक्रेते आमच्या मधून जात-येत, खाली कुणाची तरी ट्रंक चढत असे, आणि ते भराभरा सांगत. आईच्या साड्या शेजारच्यांच्या सुनेला देऊन टाकल्या, एक ठेवली. डॉक्टरशी भांडण झालं. मी बारावीला असताना कुणाबरोबर तरी पळून जाईन अशी त्यांना धास्ती होती. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने दोन कप चहा केला आणि दोन्ही त्यांनीच प्यायले. हे मला घरी कुणी सांगितलं नसतं. गाडी हलली की अण्णा गप्प होत, आणि मी सीटवर जाऊन भाकरी मोडत रडून घेई. एकदा समोरच्या तमिळ आजींनी हे पाहिलं होतं. परत एकदा योगायोगाने त्याच भेटल्या, तर कुर्डुवाडी यायच्या आधीच त्यांनी दारातल्या बॅगा बाजूला करायला लावल्या आणि मला विचारलं, "अप्पा वरारा?" येतायत वडील, म्हटलं.

या भेटींची मी किती वाट बघायचे हे आता लिहितानाही अवघड वाटतं. पुण्याची तारीख ठरली की माझा चेहरा खुलायचा. नवरा अंबत्तूरच्या कारखान्यात कामाला आहे, तो थट्टा करायचा, "गिऱ्हाइकावर एवढं प्रेम करणारी बाई मी पाहिली नाही." चेन्नईत दिवसभर इंग्रजी आणि मोडकीतोडकी तमिळ बोलून जीभ आंबून जाते. त्या दारात उभं राहून "कसं काय, अण्णा?" एवढं म्हटलं तरी छातीत काहीतरी जागेवर बसायचं.

मग एका खेपेला सिग्नल झाल्यावर अण्णा म्हणाले, "मी काय म्हणतो, दिवाळीला तू घरी येतीस ना, तर..." आणि गाडी हलली. ते गाडीबरोबर चार पावलं चालले, फलाटावरच्या ढकलगाडीला अडले आणि ओरडले, "ऱ्हाऊ दे, पुढच्या खेपेला!"

पुढची खेप झालीच नाही. लिफ्टशेजारी फोटो लागल्यामुळे मला प्रवासाच्या समितीत घेतलं होतं. तिथे चर्चा निघाली की रेल्वे चांगलीच, पण जी फेरी करावीच लागत नाही ती त्याहून चांगली. पुण्याच्या मीटिंगा स्क्रीनवर का घेऊ नयेत? गिऱ्हाईकही खूष होतं. आमच्या प्रमुख बाई मायाळू आहेत, त्यांनी मुद्दाम माझ्याकडे वळून विचारलं, "एन्नम्मा सोल्रे?" तुझं काय म्हणणं?

माझं काय म्हणणं असणार? हे शहर एका पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहतं आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात टँकरमागे धावतं. इथे राहून अशा गोष्टीला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? बरोबर आहे, म्हणाले मी. सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं ते, आणि मला फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी अण्णांना फोन केला. आता कामासाठी येणं होणार नाही असं सांगितलं. "बरं," म्हणाले. दिवाळीचं काय म्हणत होतात, असं विचारलं तर म्हणाले, "ते फोनवर सांगायचं न्हाई." माझ्या डोक्यात नको नको ते येऊ लागलं. घर विकायचं मनात असेल. तब्येतीचं काही लपवत असतील. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी रोज त्या अर्ध्या वाक्याला निरनिराळे शेवट लावून बघायचे, आणि एकही धड बसायचा नाही.

दिवाळीला घरी गेले. टीव्ही लावला होता. मी चकल्या तळल्या, जळमटं काढली, आई करायची तसा चिवडाही केला. दोनदा विचारलं. एकदा ते म्हणाले, "आत्ता कुठं," आणि एकदा दूध आणायला निघून गेले. निघायच्या दिवशी वाटलं, स्टेशनवर तरी बोलतील. पण घरून निघालं की ते कधीच सोडायला येत नाहीत. या वेळीही दारातून "नीट जा" म्हणाले आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून आत वळले. गॅसवर काही नव्हतं, मीच बंद केला होता.

चेन्नईला परतल्यावर मला चैन पडेना. शेवटी मी रजा टाकली आणि स्वतःच्या पैशाने पुण्याचं तिकीट काढलं. नवऱ्याने ते दोनदा वाचलं. "रजा आहे, गाडी तुझ्या गावावरून जाते, आणि तू उतरणार नाहीस?" नाही, म्हटलं. "मग पुण्यात काय करणार?" परतीच्या गाडीची वाट बघणार, म्हटलं. निघायच्या दिवशी मेट्रोपर्यंत माझी बॅग मात्र त्याने धरली.

अण्णांना फोनवर एवढंच सांगितलं की पुण्याला चाललेय, रेल्वेने. कामाच्या फेऱ्या बंद झाल्याचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

"बोगी कुठली?" म्हणाले.

सकाळी गाडी कुर्डुवाडीला लागली तेव्हा ते नेहमीच्या जागी होते. थोडे वाळले होते. आधी त्यांनी भाकरीची पिशवी वर दिली, मग पाण्याच्या नळाचं सांगितलं, मग शेजारच्या सुनेला मुलगी झाल्याचं. मी ऐकत होते आणि सिग्नलकडे बघत होते. मग मीच विचारलं, "अण्णा, दिवाळीचं काय म्हणत होतात?"

त्यांनीही सिग्नलकडे बघितलं. तो झाला होता.

"येऊ नको म्हणत होतो," ते म्हणाले. "राग मानू नको. तू चार दिवस ऱ्हातीस, घरात भांडी वाजत्यात, तुझी आई असल्यासारखी. मग तू जातीस. पुढं महिनाभर मला सैपाकघरात जाववत न्हाई. हितनं गेलीस तर चालतं. हितनं सगळीच जात्यात."

गाडीने धक्का घेतला. मला खाली उडी मारावीशी वाटली आणि मी दांडा घट्ट धरला.

"मग अशीच येत जाऊ?" मी ओरडून विचारलं.

"ये की," ते चालता चालता म्हणाले. "काम निघालं की ये."

फलाट संपला. पुण्यात माझं काहीच काम नव्हतं. दौंड येईपर्यंत मी दारातच उभी राहिले.