अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा

“पण मॅडम, हा पोरगा बारावीत जिल्ह्यात पहिला आलेला आहे. मग तो अज्ञान कसा?”

रूपालीनं हे विचारलं आणि अख्खा वर्ग खो-खो हसला. मीही हसले. मॉक टेस्टमधला, म्हणजे सराव परीक्षेतला प्रश्न फळ्यावर होता आणि तो तिचा दुसऱ्यांदा चुकला होता.

हे प्रश्न कसे असतात ते सांगते. लॉ सीईटीत, म्हणजे कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत, लीगल रीझनिंग नावाचा भाग असतो. वर एक नियम देतात, खाली एक प्रसंग. प्रसंगाला नियम लावायचा आणि पर्याय निवडायचा. स्वतःचं डोकं, दया, न्याय, गावात काय चालतं, हे सगळं दाराबाहेर ठेवायचं. इथला नियम होता, अज्ञान व्यक्तीने केलेला करार निरर्थक असतो. प्रसंग होता सतरा वर्षांच्या हुशार मुलाचा, त्यानं मोटारसायकल विकायचा करार केलेला. उत्तर सरळ होतं, करार निरर्थक. रूपालीनं ‘वैध’ निवडलं होतं.

“अगं बाई, कायद्यात अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा. इंग्रजीत मायनर. अठरा पूर्ण झाले की सज्ञान. अकलेचा इथं काडीचा संबंध नाही.”

“म्हणजे अडाणी माणूस अज्ञान नसतो?”

“मुळीच नाही. अडाण्याचा अंगठा तुझ्या सहीइतकाच पक्का.”

पोरं पुन्हा हसली. रूपाली हसली नाही. तिनं पेनाला टोपण लावलं आणि तास संपेपर्यंत एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, हसले म्हणून रुसली.

माझं सांगायचं तर मी बरीच वर्षं अकोल्याच्या कोर्टात वकिली केली. गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हापासून अमरावतीला एका क्लासमध्ये सकाळची बॅच घेते. माझा आवाज मोठा आहे. पोरं माझ्या मागं मला ‘उलटतपासणी’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

रूपाली वलगावहून एसटीनं यायची. वय सव्वीस, बी.ए. झालेली, दुपारी एका दवाखान्यात केस पेपर काढायची. बाप ती लहान असतानाच गेला होता. पहिल्या मॉकमध्ये तिचा स्कोअर इतका वाईट होता, की क्लासचे संचालक नितीन सर म्हणाले, “मॅडम, हिला पुढच्या वर्षीच्या बॅचला बसवू.” मी म्हटलं, “थांबा थोडं.” कारण तिच्या चुका मी पाहिल्या होत्या. येत नव्हतं म्हणून ती थोडीच चुकत होती. जास्त चुका घाईच्या होत्या.

मी तिला एकच सवय लावली. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं, आपण ते उत्तर का निवडलं, ते एका ओळीत लिहायचं. ‘चुकून’ हा शब्द चालणार नाही. ती मुकाट्यानं करत राहिली. इंग्रजीचे उतारे मोठ्यानं वाचायची, एसटीत बातम्या ऐकायची. स्कोअर सरकायला लागला, मग चढायला लागला. बॅचमध्ये ती वरच्या चौघांत आली तेव्हा नितीन सरांचा सूर बदलला. “मॅडम, ही पोरगी आपल्या फ्लेक्सवर पाहिजे बरं का!”

राहता राहिले होते हे कराराचे प्रश्न. त्या दिवशी तेही सुटले, म्हणून मी खुशीत होते.

वर्ग रिकामा झाल्यावर रूपाली टेबलापाशी आली. 

“मॅडम, मी घरी लय मोठा घोटाळा करून बसली.”

तिनं जे सांगितलं ते असं. बाप गेल्यावर तिच्या आईनं हक्कसोड लिहून दिलं होतं. हक्कसोड म्हणजे वारसानं आपला वाटा घरातल्या दुसऱ्यासाठी सोडून द्यायचा. आईनं शेत आणि घर, दोन्हींतला वाटा थोरल्या दिराला सोडला. रूपाली त्याला मोठेबाबा म्हणते. बदल्यात दोघींना मागच्या दोन खोल्यांत राहू द्यायचं, एवढं तोंडी ठरलं. माणूस शब्दाला जागला. पोरीला शिकवलंसुद्धा. आता तो थकला होता. आपल्यामागं मुलं या बाईला बाहेर काढतील, हे त्याला दिसत होतं. म्हणून त्यानं स्वतःहून ठरवलं की त्या दोन खोल्या भावजयीच्या नावावर करून द्यायच्या. चार पाहुणे बोलावले, बोलणी मांडली.

आणि त्या बैठकीत आमच्या हुशार रूपालीनं उभं राहून सांगितलं, “दोन खोल्या कायच्या? अर्धं शेत आमचं हाय. आई अडाणी हाय, अन् अज्ञान माणसाचा कागद कायद्यात चालत नाई. तुमचा कागद रद्द हाय, मोठेबाबा. मी स्वतः वाचलं.”

ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “मला विचारलं का नाहीस एकदा?”

“विचारायचं काय होतं, मॅडम? पुस्तकात मराठीत सरळ लिहिलेलं होतं.”

लिहिलेलं होतंच. आठ दिवस ती त्या एका ओळीवर उड्या मारत होती. मायनरला ‘अज्ञान’ म्हणायचं हे ज्या कोण्या पंडिताला सुचलं, त्याला वलगावच्या एसटीत बसवून प्रवाशांना अर्थ विचारायला लावला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला घेऊन ये म्हटलं. माझ्या मनात एक धागा होता. निरक्षर माणसाला कागद वाचून न दाखवता अंगठा घेतला असेल, तर कोर्टात निदान भांडता येतं.

आई आल्या. बारीक, उन्हानं रापलेल्या, खुर्चीच्या टोकावर बसलेल्या.

“ताई, अंगठा दिला तेव्हा कोणी कागद वाचून दाखवला होता का?”

“हो जी. थ्या रजिस्ट्रीच्या साहेबानं दोनदा वाचला. समजलं का म्हणून इचारलं. म्या म्हटलं, समजलं.”

“खरंच समजलं होतं?”

“वाटा सोडून राहिली, हे समजाले काय लागते?”

रूपाली एकदम म्हणाली, “आई, आठव ना नीट. नसंल वाचला.”

“वाचला व्हता, बाई. खोटं काहून बोलू?”

धागा तुटला. मी सहज पुढं विचारलं, “आणि रूपालीचा वाटा?”

“थे सातवीत व्हती. तिच्या नावाचं मीच सोडलं.”

मी पेन खाली ठेवलं आणि दोघींना समजावून सांगितलं. बापाच्या मालमत्तेत पोरीचा स्वतःचा वाटा असतो. भावाभावांची वाटणी आधीच झालेली, शेत वेगळं पडलेलं. अज्ञान पोरीचा असा वाटा आईला परस्पर सोडता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती इथं घेतलेलीच नव्हती. म्हणजे निदान तिच्या वाट्यापुरता कागद खरोखर मोडता आला असता. फक्त एक अट. पोरीनं सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत दाद मागायची.

“म्हणजे मी बी.ए.ला होती तेव्हा?” रूपालीनं विचारलं.

“हो.”

“तेव्हा तर मले हा शब्दच माहीत नव्हता.”

ती रडली नाही. मला मात्र रडू आलं, आणि रडू आलं की मला रागही येतो. त्या दोघींना पाणी द्यायचंसुद्धा मला सुचलं नाही.

रविवारी मी स्वतः वलगावला गेले. मोठेबाबा ओसरीत बसले होते. चहा दिला, नीट बोलले.

मी म्हटलं, “पोरीचा गैरसमज झाला. शब्दाचा घोळ होता. ती माफी मागायला तयार आहे.”

“माफीचं काय जी, मॅडम. पोट्टी मले लेकीसारखीच. पण चार पाहुण्यायसमोर मले चोर म्हणे. माह्या पोरायनं थेच धरलं. म्हणे, बाबा, आता हे कोर्टात जाते, त्याच्या आधी आमच्या नावावर करून द्या.”

“मग?”

“देल्लं करून. शेत, घर, सारंच. आता माह्या हातात काईच नाई.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. एक सून दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मागच्या खोल्या आमाले लागते. परीक्षा झाली की दुसरी जागा पाहून घ्या म्हणा.” म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मला त्याच्यावर चिडायचं होतं, तेही जमलं नाही.

परीक्षेपर्यंत रूपालीनं एकही तास बुडवला नाही. कोणाशी बोलायची नाही, फक्त टेस्ट द्यायची. स्कोअर इतका चढला की नितीन सर मिठाई आणायच्या गोष्टी करू लागले. मी त्यांना म्हटलं, “सर, या पोरीसमोर मिठाईचं नाव काढू नका.” त्यांना काही कळलं नाही आणि मी सांगितलंही नाही. ती पेपर देऊन आली तेव्हा मला फोनवर एवढंच म्हणाली, “तसा एक प्रश्न आला होता, मॅडम. बरोबर केला.”

क्लासमध्ये ती पहिली आली. चौकात फ्लेक्स लागला. प्रवेश अकोल्याच्या कॉलेजात मिळाला आणि मायलेकींनी तिथंच एक भाड्याची खोली घेतली, कारण वलगावला परत जायला घर उरलं नव्हतं.

आता दर बॅचला पहिल्याच दिवशी मी अज्ञान आणि सज्ञान हे दोन शब्द फळ्यावर लिहिते. आणि सांगते, की हातात वकिलीची सनद येईपर्यंत घरच्यांना कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. पोरं हसतात. वहीत मात्र कोणी लिहून घेत नाही.

मध्यंतरी एका जुन्या केससाठी अकोल्याला गेले होते, तेव्हा त्यांच्या खोलीवर गेले. रूपाली कॉलेजातून यायची होती. तिच्या आईनं पोहे केले आणि समोर बसून विचारलं, “मॅडम, अडाणी बाईले कायद्यात काय म्हणते?”

“सज्ञान म्हणतात, ताई.”

“म्हंजे?”

“म्हणजे तुम्हाला सगळं कळतं, असं कायदा धरून चालतो.”

“अन् रूपालीले?”

“तेव्हा ती अज्ञान होती. तेव्हा काहीतरी करता आलं असतं. आता तीही सज्ञान आहे.”

त्यांनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले.

“म्हंजे समजाले लागलं, तवा काईच होत नाई.”

“नाही होत, ताई,” मी म्हटलं.