टॉवेलाखालचे आकडे

पैसे घेऊन हौशी लोकांना मासेमारीला नेणाऱ्या 'रोझिन्या' बोटीच्या सुकाणूखोलीत एक निळा टॉवेल कायम दोन खिळ्यांवर लटकत असे. तो हात पुसण्यासाठी नव्हता. बोट समुद्रात नेमकी कुठे आहे, ते आकड्यांत सांगणारे यंत्र झाकण्यासाठी होता. दारात कोणाची सावली पडली, की कॅप्टन नॉर्बर्ट सिल्व्हेरा आधी टॉवेल खाली सोडी आणि मग "काय हवंय?" असे विचारी.

संशय त्याला वारशाने मिळाला होता. पॉइंट लोमा बंदरातल्या पोर्तुगीज वस्तीत त्याचे वडील मानुएल हे ट्यूनाचे नाणावलेले मच्छीमार. किनाऱ्यापासून दूर, पाण्याखालचा एक खडक त्यांनी शोधला होता. तो सापडायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवाव्या लागत. मरण्यापूर्वी मानुएल यांनी एक खूण मुलाला सांगितली आणि दुसरी पुतणी कोनीला. पूर्ण जागा एकाच माणसाच्या हाती देणे त्यांना जमले नाही. त्यामुळे कोनी 'रोझिन्या'वर स्वयंपाकीण झाली. पुढे यंत्र आले, तिच्या अर्ध्या खुणेची गरज उरली नाही. कोनी मात्र उरली.

१९८८च्या सप्टेंबरात नॉर्बर्टचे चित्त थाऱ्यावर नव्हते. तीन तारखेला आणि पुन्हा नऊ तारखेला व्हर्न लुंडीन नावाच्या कॅप्टनची पांढरी बोट थेट त्या खडकावर येऊन उभी राहिली होती. व्हर्नसोबत आणखी दहा बोटी आल्या असत्या, तर एका हंगामात खडक ओस पडला असता. जागा फुटली होती. प्रश्न एवढाच होता, की फोडली कोणी?

सोळा तारखेच्या सकाळी त्याला उत्तर सापडल्यासारखे वाटले. प्रवासी क्रमांक अकरा. लोर्ना ओकुबो नावाची सत्तरीची बाई. दोन्ही वेळा ती बोटीवर होती, आणि आज पुन्हा आली होती. गळ टाकायचे सोडून ती खानपानाच्या टेबलाशी बसे, घड्याळ पाही आणि वहीत काहीतरी लिही.

"एफ्राइन," त्याने खलाशाला हळूच बोलावले, "अकरा नंबरवर लक्ष ठेव."

"कॅप्टन, त्या बाईला गळाला आमिष लावता येत नाही. ती तुमची जागा चोरणार?"

"म्हणूनच म्हणतो. मासे पकडता येत नाहीत, तर येते कशाला?"

त्या दिवशी त्याने बोट मुद्दाम भलतीकडे नेली. एका ठिकाणी तासभर थांबला, मग दुसऱ्या ठिकाणी. रेडिओवर इतर कॅप्टनांशी त्याचे नेहमीचे रडगाणे चालूच होते: पाणी मेलेले आहे, आमिष अशक्त आहे, कोनीने अंडी करपवली आहेत. खाली ते सारे ऐकू येत होते. कोनी वर येऊन दारात उभी राहिली. टॉवेल खाली आला.

"माझ्यापासून झाकतोस? अर्धा खडक माझा आहे, विसरलास?" ती म्हणाली. "खाली बावीस माणसं चार तास नुसती कॉफी पिताहेत. मी आणखी सॉसेज तळायचे, की तू मासे दाखवणार?"

पावणेअकराला नॉर्बर्टने नाइलाजाने बोट खडकाकडे वळवली.

तिथे पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच समुद्र उघडला. आमिषाची जिवंत मासळी पाण्यात पडली, आणि यलोटेल माशांचा थवा खालून उसळून आला. कठड्याशी एकच गोंधळ उडाला. "लागला!" "माझ्या दोरीवरून जा, वरून!" "अरे, तू मासा पकडतोयस की माझी टोपी?" लोर्नाबाईंच्या हातात एफ्राइनने आमिष लावलेली गळाची काठी दिली होती, ती क्षणात कमानीसारखी वाकली.

"सोडू नका बाई, सोडू नका!"

"मी कुठं सोडतेय? तोच मला सोडत नाही!"

बाई कठड्याशी झुंजत असताना नॉर्बर्ट खाली उतरला. वही टेबलावर उघडीच होती. त्याने ती उचलली. आकडे असतील, अशी त्याची खात्री होती. तिथे फक्त वेळा होत्या.

'८.१०: कॅप्टन रेडिओवर तक्रार करतो. मासे नाहीत. ९.२५: पुन्हा तक्रार. मासे नाहीत. १०.४५: कॅप्टन रेडिओवर गप्प. तीन आणि नऊ तारखेलाही असेच. तो गप्प झाला, की अर्ध्या तासात मासे.' खाली ठळक रेघ ओढून लिहिले होते: 'मासे कुठे आहेत हे त्याला सकाळपासून माहीत असते. आम्हाला मुद्दाम फिरवतो.'

"दुसऱ्याची वही वाचताय?" पाठीमागून लोर्नाबाई म्हणाल्या. बाहेर एफ्राइन त्यांच्या हातभर यलोटेलच्या कल्ल्याला अकरा नंबरची पट्टी लावत होता. "वाचा, वाचा. धक्क्यावरच्या ऑफिसात तक्रार करणार आहे मी. पुरावा हवा म्हणून लिहितेय."

नॉर्बर्टचे तिकडे लक्षच नव्हते. '१०.४५' वर बोट ठेवून तो उभा होता. वीस वर्षे त्याने टॉवेल सांभाळला. पण खडकाकडे वळला, की जागा फुटू नये म्हणून तो रेडिओवर एक अक्षर बोलत नसे. सकाळभर बडबडणारा सिल्व्हेरा गप्प झाला, याचा अर्थ सगळ्या ताफ्याला कळत होता. मग रडारवर तो कुठे आहे, एवढेच पाहायचे उरत होते.

"कॅप्टन!" एफ्राइन ओरडला. "पांढरी बोट! इकडेच येतेय!"

नॉर्बर्ट दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावला आणि त्याने रेडिओ उचलला. "व्हर्न, ऐकतोयस? कोनीने माझं डोकं खाल्लंय. इथं एक शेपूट दिसत नाही. लोक पैसे परत मागताहेत."

"लागला!" खालून तिघे एकदम ओरडले. नॉर्बर्टने घाईघाईने बटण सोडले.

"मग तिथं काय करतोयस, सिल्व्हेरा?" व्हर्नचा आवाज घरघरला.

"माझं नशीब शोधतोय. तू ये, दोघं मिळून रडू."

नॉर्बर्ट काचेतून पाहत राहिला. मग पांढऱ्या बोटीचे नाक सावकाश दक्षिणेला वळले.

धक्क्याकडे परतताना लोर्नाबाई मासा आणि वही घेऊन सुकाणूखोलीच्या दारात आल्या. टॉवेल खालीच होता.

"तक्रार करणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी सकाळीच तिथं नेणार असाल तर." त्यांनी ते पान फाडून त्याच्यासमोर धरले.

नॉर्बर्टने पान घेतले, वाचले, घडी घालून खिशात ठेवले. मग हात पुन्हा पुढे केला.

"खालचं कोरं पानही द्या, बाई. पेन्सिल फार दाबून लिहिता तुम्ही."